कडा छाटलेला वेताळ

ट्रंक उघडली तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला आणि मग निळं रेक्झिन दिसलं. अकरा जाडजूड खंड. प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘इंद्रजाल’ आणि खाली आकडा. मिरजेच्या घराचा व्यवहार झाला होता, दोन आठवड्यांत घर रिकामं करून द्यायचं होतं. काकू फोनवर म्हणाल्या होत्या, “तुझ्या काकांची ती पुस्तकं तेवढी घेऊन जा बाबा, उद्या रद्दीवाला येतोय.”

तो माझ्यासमोरच आला. काट्याला न लावता, नुसतं हातानं जोखून म्हणाला, “तीस किलो भरेल. बारा रुपयांनी घेतो. पण हे पुठ्ठे फाडून द्या, पुठ्ठ्याचे पैसे नाही देत.”

म्हणजे ज्या पुठ्ठ्यासाठी काकांनी बाइंडरला पैसे मोजले, तो वजा करूनच भाव सुरू होत होता. तेव्हा हसू आलं. पुढच्या चार महिन्यांत हाच हिशेब मला बड्या जाणकारांकडून ऐकायला मिळणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

काका रेल्वेत गार्ड होते. ड्यूटी संपली की फलाटावरच्या स्टॉलवरून इंद्रजालचा नवा अंक घेऊन घरी यायचे, आधी स्वतः वाचायचे, मग आम्हा पोरांना हात धुवायला लावून द्यायचे. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. मधल्या काळात आठशेच्या आसपास अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ अशा बऱ्याच भाषांत निघायचे. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला. ली फॉक या लेखकाचा मुखवटेधारी नायक ‘फॅन्टम’ आपल्याकडे ‘वेताळ’ झाला आणि असा काही मुरला की तो मूळचा अमेरिकन वर्तमानपत्रातला, तोही १९३६ सालचा, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्याचा मुलूख मूळच्या चित्रकथेत ‘बंगाला’. आपल्याकडे ते नाव नको म्हणून ‘देंकाली’ केलं. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ चाचे झाले, का ते सांगायला नकोच.

खंडांचे फोटो काढून भाच्याला पाठवले. तो न्यू जर्सीत असतो आणि अमेरिकन कॉमिक्स जमवतो, म्हणजे बायकोच्या भाषेत पैसे जाळतो. त्यानं तासाभरात फोन केला, तिकडे पहाटेचे पाच वाजले असतील. “मामा, कशाला हात लावू नकोस. पुसू नकोस, उन्हात टाकू नकोस, सेलोटेप तर अजिबात लावू नकोस. आणि मला आधी सांग, हे बाइंड केलंय ते कडा छाटून केलंय का?”

मी म्हटलं, बाइंडिंग म्हटलं की कडा छाटणारच की. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

पुण्याला आल्यावर अप्पा बळवंत चौकामागच्या गल्लीत जुन्या पुस्तकांचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांना गाठलं. मला वाटलं होतं ते खंड उघडतील, अंकांचे नंबर बघतील, एखादं पान वाचून हसतील. त्यांनी खंड आडवा धरून दुकानाच्या दिव्याखाली त्याच्या तिन्ही कडा पाहिल्या, अंगठा फिरवला, आणि टेबलावर ठेवला. “छाटलेत. वाचायला उत्तम आहेत. जमवणारा नाही घेणार. अकराचे मिळून चार हजार देतो, तेही बाइंडिंग छान आहे म्हणून.”

“पण एकही अंक गहाळ नाही, एक पान फाटलेलं नाही.”

“खरंय हो. पण अंक उरलेत कुठे? हे आता पुस्तक झालंय.”

मला राग आला होता. घरी येऊन सातवा खंड टेबलावर घेतला आणि कटरनं शिवण उसवली. उगाच केलं असं म्हणणारे म्हणोत, पण त्यातून जे दिसलं ते कोणी सांगून कळलं नसतं. बाइंडरनं आधी प्रत्येक अंकाच्या दोन्ही पिना उपसून टाकल्या होत्या, कारण पिना गंजतात. मग कण्याजवळ टोच्यानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवलं होतं. पाठीला गव्हाच्या पिठाची खळ. आणि खळ म्हणजे कसरीला पंगतीचं जेवण. पाठीजवळच्या पट्टीवर तिनं नकाशे काढले होते. शेवटी सगळा गठ्ठा यंत्रात दाबून तीन बाजूंनी छाटला होता, बाजूला पाव इंच तरी गेला असेल. एका पानावर वेताळ कोणाला तरी दरडावतोय, पण संवादाच्या फुग्याची उजवी कड गेल्यामुळे प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर बेपत्ता आहे. काय दरडावतोय ते अंदाजानं ओळखायचं.

आणि तरीही आतला कागद! वर्तमानपत्री कागद उजेड-हवा लागली की पिवळा पडतो, ठिसूळ होतो. या खंडात कडेची बोटभर पट्टी तपकिरी झालेली आणि मधला भाग जवळपास पांढरा. रंग असे की काल छापल्यासारखे. मागच्या पानावर पॉपिन्स गोळ्यांच्या जाहिरातीतले राम और श्याम टवटवीत. बांधले म्हणून ते टिकले, आणि बांधले म्हणूनच त्यांची किंमत गेली. सुटे ठेवले असते तर आम्ही पोरांनीच त्यांची होडी केली असती.

भाच्याशी त्या आठवड्यात रोज बोलणं व्हायचं. तिकडे या सगळ्याचं एक शास्त्रच करून ठेवलंय. २००० सालापासून सीजीसी नावाची कंपनी कॉमिक तपासून अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि प्लास्टिकच्या कडक पेटीत सीलबंद करते. एकदा पेटीत गेलं की वाचायचं नाही, बघायचं. कोपरे किती टोकदार, कण्यावर किती सुरकुत्या, पिनेभोवती गंज आहे का, पान पांढरं की मलई रंगाचं, या सगळ्याचे गुण. नऊ पूर्णांक आठ आणि नऊ पूर्णांक चार यांतला फरक मला भिंग लावूनही दिसला नसता, पण पैशात तो कित्येक पटींचा असू शकतो. छाटलेली कड हा त्यांच्या लेखी मोठाच दोष. कारण छाटल्यानं कोपरे खोटे टोकदार दिसतात, म्हणजे ती जवळजवळ फसवणूकच.

“काकांनी फसवलं नाही रे कोणाला,” मी म्हणालो.

“मला माहीत आहे. पण कागदाला कसं कळणार?”

त्यानं स्वतःचं दुःख सांगितलं तेव्हा जरा बरं वाटलं. एका घराच्या अंगणात मांडलेल्या जुन्या सामानात त्याला ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१वा अंक मिळाला होता. नोव्हेंबर १९७४ चा. वॉल्वरिन हे पात्र आधीच्या अंकाच्या शेवटच्या पानावर नुसतं डोकावतं आणि या अंकात पहिल्यांदा पुरतं येतं, म्हणून सगळी झुंबड १८१ वर. ‘पहिलं दर्शन’ ही त्या बाजारातली सगळ्यात मोठी गोष्ट. भाचा घरी येईपर्यंत गाडीत गाणी म्हणत होता म्हणे. घरी येऊन वाचकांच्या पत्रांचं पान उघडलं तर त्यात चौकोनी भोक. मार्व्हल कंपनी त्या काळी अंकात छापील तिकिटं द्यायची, मुलांनी कापून वहीत चिकटवायची. कोणा शहाण्या मुलानं सांगितल्याप्रमाणे कापलं होतं. किंमत धाडकन खाली. बोटाच्या पेराएवढा कागद, आणि त्यावर काहीही महत्त्वाचं नव्हतं.

त्याच सामानात ‘सुपरमॅन’चा ७५वा अंकही होता, १९९२ चा, ज्यात सुपरमॅन मरतो तो. काळ्या पिशवीत सीलबंद, वर रक्ताळलेला एस. कोणी उघडलाही नव्हता. तो मात्र चिल्लरीत जातो. कारण तेव्हा बातम्या ऐकून लाखो लोकांनी तो घेतला आणि सगळ्यांनी अगदी तसाच न उघडता जपून ठेवला. आदल्या वर्षीचा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक तर ऐंशी लाखांवर खपला, तोही पाच वेगवेगळ्या कव्हरांत. लोकांनी पोरांच्या कॉलेजची सोय म्हणून खोकी भरली. १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला. उलट १९३८ चा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, सुपरमॅनचं पहिलं दर्शन, दहा सेंटला मिळायचा. पोरांनी वाचला, फाडला, आयांनी फेकला, महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत कॉमिक्सचे ढीगच्या ढीग लगद्यात गेले. उरलेल्यांपैकी एक २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला विकला गेला.

हे ऐकताना मला आमचा रद्दीवाला वेगळाच दिसायला लागला. आपल्याकडे त्या मोहिमेला युद्ध लागत नाही, ती दर महिन्याला दारावर येते. मराठी इंद्रजाल आज मिळत नाही ते त्याच्या काट्यामुळे. ‘अमर चित्रकथा’ मात्र त्याच काळातली, पण ती परत परत छापली गेली, आजही कोरी मिळते. तिथे जुनी प्रत दिसली की आधी किंमत आणि मागची जाहिरात बघून ती नक्की कितवी छपाई हे ठरवावं लागतं. माझ्या बहिणीनं “माझ्याकडेही शंभर आहेत!” असं उत्साहानं कळवलं होतं. तिला हे सांगताना जड गेलं.

मग दुसरी ट्रंक. खरं तर ती ट्रंक नव्हतीच, काकूंच्या शिवणयंत्राखालचा खण होता. घर आवरताना काकूंना त्यात सुतळीनं बांधलेली एक जुडी सापडली. अडतीस सुटे अंक, बहुतेक १९७६ ते ७८ मधले. काकांची त्या सुमारास दोन वर्षं बदली झाली होती आणि परत आल्यावर बाइंडर दुकान बंद करून गावी गेलेला. दुसऱ्याकडे द्यायचे राहून गेले. जुडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, अंधारात, आणि मिरजेची हवा कोरडी. माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, हेच अंक असते तर दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर बुरशीची ठिपकेदार नक्षी आली असती. अमेरिकेतली गाजलेली एक जमवाजमव अशीच सापडली होती म्हणे. डेन्वरच्या एडगर चर्च या चित्रकारानं घरात चळती लावून ठेवलेली अठरा हजारांहून जास्त कॉमिक्स १९७७ मध्ये एका विक्रेत्यानं घेतली. तिथलीही हवा कोरडी, चळती कोणी न हलवलेल्या, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची पानं पांढरीशुभ्र. त्या घरातून आलेल्या अंकाला आजही वर जास्तीचे पैसे मिळतात, नुसत्या त्या घरासाठी.

मी हात धुऊन, पुसून, अडतीस अंक एकेक करून पलंगावर पसरले. पूर्वीसारखेच.

यादी करायला बसलो तेव्हा शिकलो की पानं मोजायची असतात. मधलं जोडपान निसटलेलं असतं आणि गोष्ट वाचताना ते लक्षातही येत नाही, आपण समजून घेतो. दोन अंकांत ते नव्हतं. सहा अंकांच्या पिना गंजून कागदाला तांबडी कड आलेली. चार अंकांवर माझ्या अक्षरात शब्दकोडी सोडवलेली, चुकीची. प्रत्येक अंकावर काकांचा रबरी शिक्का: नाव, हुद्दा, मिरज जंक्शन. कव्हरवर एक, पहिल्या पानावर एक, आणि चोरानं ती दोन पानं फाडली तर म्हणून मधे एक.

आणि एका अंकाचं कव्हर मूळचं नव्हतंच. कोणाकडून तरी अंक मागून आणून काकांनी कव्हरची काळीपांढरी झेरॉक्स काढली होती आणि ती जलरंगांनी रंगवली होती. वेताळाचा जांभळा जरा निळ्याकडे गेलेला, पण कवटीच्या अंगठीला त्यांनी बारीक ब्रशनं पांढरा ठिपका देऊन चमक आणली होती. गार्डाच्या डब्यात बसून केलं असेल का हे? रंगवताना हात हललेला दिसत नाही.

सगळ्यात वर ठेवला तो डिसेंबर १९७६ चा अंक, बहादूरचा पहिला. आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला. भगवा कुर्ता, खाली जीन्स, डाकूचा मुलगा, आणि डाकूंशीच लढणारा. वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेकच्या घरात पहिला आपला माणूस. (हेच आबिद सुरती पुढे मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायला लागले. बहादूरचा बाप शोभतो.) भाच्याच्या हिशेबानं हे ‘पहिलं दर्शन’, म्हणजे आमचा हल्क १८१. पानं पूर्ण, पिना बऱ्या, कोपरा दुमडलेला, शिक्के तीन.

संग्राहकांच्या एका व्हॉट्सअॅप गटात फोटो टाकले. तासाभरात सतरा निरोप. त्यातले नऊ जण “वा, बालपण आठवलं” म्हणून गेले, चौघांनी नुसते पीडीएफ आहेत का विचारलं. हे विशेष आहे. जुन्या इंद्रजालचे स्कॅन हौशी लोकांनी करून ठेवलेत, गोष्ट वाचायला पैसे लागतच नाहीत. तरी चार माणसं हजारो रुपये मोजायला तयार होती. त्यांना गोष्ट नको होती, त्यांना ती पिन, तो कागद, मागची ती पॉपिन्सची जाहिरात हवी होती.

घासाघिशीत भाषेचा मुद्दा निघाला. मी मनात धरून बसलो होतो की मराठी प्रती इंग्रजीपेक्षा कमी, म्हणजे भाव जास्त. एका नागपूरच्या सद्गृहस्थांनी फोनवर शांतपणे माझं गणित सुधारलं. “प्रती कमी आहेत, कबूल. पण गिऱ्हाईकही कमी आहे. इंग्रजी अंक बंगळूरचा घेतो, कोलकात्याचा घेतो, दुबईतला घेतो. मराठी कोण घेणार? जो मराठीत वाचत मोठा झाला तो. तो आज पंचावन्न ते सत्तरमध्ये आहे. त्याच्या पोराला वेताळ कोण हे माहीत नाही.” थोडं थांबून म्हणाले, “दहा वर्षं आधी आला असतात तर वेगळं बोललो असतो. दहा वर्षांनी आलात तर मी नसेन.”

मला हे पटलं आणि आवडलं नाही. दुर्मिळ असणं आणि कोणाला तरी हवं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या दहावीच्या वह्याही जगात एकेकच आहेत.

शेवटी ते नागपूरचे सद्गृहस्थच पुण्याला आले. माझ्या जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरला, खिशातून भिंग काढलं. प्रत्येक कव्हरवर भिंग धरून छपाईचे ठिपके बघितले, कारण हल्ली रंगीत झेरॉक्सची कव्हरं लावून अंक खपवतात. मग पिनेची भोकं: कव्हरची आणि आतल्या पानांची भोकं एका रेषेत नसतील तर कव्हर दुसऱ्या अंकाचं. मग पानं मोजली, जिभेला बोट न लावता. दीड तास गेला. अंकांचे तीन ढीग झाले. काकांनी रंगवलेल्या कव्हरचा अंक त्यांनी तिसऱ्या, म्हणजे ‘अपूर्ण’ ढिगात ठेवला. पाच मिनिटांनी परत उचलला. अंगठीवर भिंग धरलं. परत ठेवला.

“शिक्क्याचे पैसे कापतो मी,” ते म्हणाले. “एरवी वाचनालयाचा शिक्का असतो, त्याचे तर निम्मे कापतो. याचे थोडे.”

“थोडे का?”

“सगळ्यांवर एकच शिक्का आहे. लॉट एका घरचा आहे हे कळतं.”

बहादूरच्या अंकाचे साडेतीन हजार दिले. बाकीचे चांगले तीनशे-चारशेनं, गंजलेले दीडशेनं. रंगवलेला अंक मी मागे घेतला, ते काही बोलले नाहीत. सगळे मिळून चौदा हजारांच्या आसपास झाले. भाच्यानं ऐकून डॉलरमध्ये भाग दिला आणि “अरे, एवढेच?” म्हणाला. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “एवढे? त्या कागदांचे?” मग विचारलं, “आणि ते निळे खंड? ते किती उत्साहानं बांधून आणायचे रे. सायकलवर, धोतराच्या पानात गुंडाळून.”

त्यांना कडांचं सांगितलं नाही. म्हटलं, ते मी ठेवलेत.

ठेवलेतच. फक्त सातवा खंड उसवलेला पडला होता, पानं इकडेतिकडे व्हायला लागली होती. परवा बुधवार पेठेतल्या एका बाइंडरकडे घेऊन गेलो. आता कमी बाइंडर उरलेत. त्यांनी गठ्ठा हातात घेऊन टेबलावर आपटून सरळ केला, बरोबर होईना म्हणून पुन्हा आपटला.

“शिवतो. निळं रेक्झिन मिळेल, अगदी हे नाही, जवळचं. कडा छाटून देऊ ना? एकसारखं दिसेल.”

“नको,” मी म्हणालो. “आधीच वेताळाचं शेवटचं अक्षर गेलंय.”